देणाऱ्यांच्या यादीत नाव आणि घरातले डबे रिकामे

प्रश्न

(पत्र मोठं होतं. ओळख पटेल असे तपशील गाळून थोडक्यात देत आहे.)

उत्तर व्हर्जिनियातल्या एका वाचक भगिनीचं हे पत्र नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातलं आहे. यजमान एका सरकारी खात्यासाठी आयटीचं काम करतात, पण नोकरी खासगी कंत्राटदार कंपनीची. खर्चाचं विधेयक मंजूर न झाल्याने १ ऑक्टोबर २०२५ ला अमेरिकेचं केंद्र सरकार बंद पडलं (यालाच शटडाऊन म्हणतात) आणि त्याच आठवड्यात त्यांना काम थांबवायला सांगितलं गेलं. साठलेली रजा संपेपर्यंत पगार आला, नंतर तोही थांबला. त्या स्वतः डेकेअरमध्ये अर्धवेळ काम करतात. थोडी बचत होती ती घराच्या हप्त्यात चालली आहे आणि किराणा क्रेडिट कार्डावर येतो आहे. यजमान आणि मुलं नागरिक आहेत, या भगिनींचं स्वतःचं ग्रीनकार्ड आहे. नागरिकत्वाचा अर्ज करायचं मनात आहे. सासूबाई व्हिजिटर व्हिसावर आल्या आहेत, मूळच्या साताऱ्याकडच्या माण तालुक्यातल्या.

पुढची गंमत, म्हणजे गंमत नव्हेच, अशी. त्या इथल्या मराठी मंडळाच्या समितीत आहेत. दिवाळीनंतर मंडळाने गरजू कुटुंबांसाठी धान्य गोळा करायचं ठरवलं आणि ते काम यांच्याकडे सोपवलं. मंडळींनी आणून दिलेली खोकी यांच्या बेसमेंटमध्ये रचलेली आहेत. चौदा वर्षांची मुलगी दर शनिवारी ज्या फूड पँट्रीत, म्हणजे गरजूंना मोफत अन्नधान्य देणाऱ्या केंद्रात, शाळेचे सेवातास भरायला जाते, तिथेच ही खोकी पोचवायची आहेत. त्या लिहितात: "ताई, खाली खोकी आणि वर रिकामे डबे. मी त्याच पँट्रीच्या रांगेत उभी राहू का? हे म्हणतात, कार्डावर भागवू, कुणापुढे हात पसरायचा नाही. सासूबाई म्हणतात, अन्नछत्रातलं आणून खाण्यापेक्षा मी दोन घास कमी खाईन. आणि मला वाटतं, आपण काही तितके गरीब नाही. आपण घेतलं तर खऱ्या गरजूचा घास जाईल. शिवाय उद्या नागरिकत्वाच्या अर्जात हे निघालं तर?"

उत्तर

तुमचं पत्र आलं तेव्हा सरकार बंद होतं. हे उत्तर लिहिते आहे तो नोव्हेंबर २०२५ मधला थँक्सगिव्हिंगचा आठवडा, आणि सरकार सुरू होऊन दोन आठवडे होत आले. १२ नोव्हेंबरच्या रात्री खर्चाच्या विधेयकावर सही झाली, ४३ दिवसांचा शटडाऊन संपला. इतका लांबलेला शटडाऊन याआधी झाला नव्हता; २०१८-१९ चा ३५ दिवसांवर थांबला होता. बातम्यांच्या लेखी प्रकरण मिटलं. तुमच्या घरी ते मिटलेलं नसणार. कायम सरकारी नोकरांना शटडाऊनच्या काळातला पगार मागाहून मिळतो, २०१९ च्या कायद्याने तशी हमी दिली आहे. कंत्राटदार कंपनीच्या माणसाला अशी कुठलीही हमी नाही, त्याचे गेलेले दिवस गेले. यजमान कामावर परत गेले असतील, तरी पहिला पूर्ण पगार हातात पडायला डिसेंबर उजाडेल, आणि तोवर कार्डाचं बिल आलेलं असेल. त्यात आत्ताची तडजोड बऱ्याच खात्यांपुरती ३० जानेवारी २०२६ पर्यंतचीच आहे. म्हणून तुम्ही विचारलेलं सगळं अजून ताजं आहे असं धरूनच लिहिते.

सगळ्यात आधी तो घास. तुमच्यामुळे कुणाचा तरी जाईल, असं तुम्हाला वाटतं. पत्रातली ही एकच शंका अशी आहे की जिच्यात स्वाभिमान, लोकलाज, भीती यांतलं काही नाही, नुसता चांगुलपणा आहे. म्हणून तिला नीट उत्तर द्यायला हवं.

अमेरिकेत गरिबाच्या ताटात पडणारं अन्न मुख्यतः फूड बँकेतून (पँट्र्यांना माल पुरवणाऱ्या संस्थेतून) येत नाही, सरकारकडून येतं. स्नॅप नावाची योजना आहे, जुने लोक अजून फूड स्टॅम्प म्हणतात. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला एका कार्डावर पैसे जमा होतात आणि ते कार्ड दुकानात चालतं. २०२५ मध्ये सुमारे ४ कोटी २० लाख माणसं, म्हणजे देशातला दर आठवा माणूस, या कार्डावर होता. माणशी महिन्याला सरासरी दोनशे डॉलरसुद्धा मिळत नाहीत, पण एवढ्या माणसांना मिळतात. फीडिंग अमेरिका ही देशभरातल्या जवळजवळ २०० फूड बँकांची संघटना. तिचाच हिशेब असा, की आमचं जाळं एक जेवण पुरवतं तेव्हा स्नॅप नऊ पुरवतं.

१ नोव्हेंबरला ही नऊ जेवणं थांबली. स्नॅप चालवणाऱ्या शेतकी खात्याने पैसे संपले म्हणून हात वर केले. राखीव निधी होता, तो वापरायचा की नाही यावर कोर्टकचेरी झाली. ऱ्होड आयलंड आणि मॅसॅच्युसेट्सच्या न्यायाधीशांनी वापरा म्हणून सांगितलं, वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तेवढ्या दिवसांत काही राज्यांत लोकांना पूर्ण पैसे मिळाले, काहींत अर्धवट, काहींत काहीच नाही. तुमच्या व्हर्जिनियाने आणीबाणी जाहीर करून स्वतःच्या तिजोरीतून आठवड्याच्या हप्त्याने पैसे दिले. बाकी ठिकाणची माणसं उरलेल्या त्या एका जेवणाच्या दारात येऊन उभी राहिली.

आता सांगा, तिथल्या फळ्या तुमच्या एका पिशवीने रिकाम्या झाल्या का? ज्यांनी नऊ जेवणं अडवून धरली त्यांना रात्री झोप लागत होती, आणि तुम्ही बेसमेंटच्या जिन्यात उभ्या राहून स्वतःला बोल लावत होतात. हे उलटं आहे. तरीही तुमच्या शंकेत खरं तेवढं मी नाकारणार नाही. नोव्हेंबरच्या त्या आठवड्यांत पँट्र्यांवर ताण होताच आणि सुट्ट्यांच्या दिवसांत तो पुन्हा येतो. त्याचं भान ठेवायचं असेल तर ते जाऊनच ठेवता येतं. लागेल तेवढं घ्या, घरात कुणी खाणार नाही ती वस्तू तिथेच परत द्या, आणि पगार सुरळीत झाला की जाणं थांबवा. न जाता उपाशी राहून कुणाचं पोट भरत नाही.

आणि "तितके गरीब" म्हणजे कितके? ऑक्टोबरात वॉशिंग्टनच्या परिसरात कॅपिटल एरिया फूड बँकेने सरकारी नोकर आणि कंत्राटी कामगार यांच्यासाठी मुद्दाम वेगळी वाटपं ठेवली होती. रांगेतले लोक ऑफिसची ओळखपत्रं घेऊन आले होते. २०१९ च्या शटडाऊनमध्ये होजे आंद्रेस या शेफच्या वर्ल्ड सेंट्रल किचनने व्हाइट हाऊस आणि कॅपिटॉल (संसदभवन) यांच्या मधल्या पेन्सिल्व्हेनिया अव्हेन्यूवर स्वयंपाकघर उघडलं, तेही अशाच पगारदार मंडळींसाठी. गाडी आहे, घर आहे, नावावर पदवी आहे आणि शुक्रवारी दूध आणायला पैसे नाहीत, ही अवस्था मदत देणाऱ्यांना नवी नाही. तुम्हालाच ती नवी आहे. माझी कसोटी साधी आहे: किराणा उधारीवर येत असेल तर गरज आहे.

उधारीवरून यजमानांकडे येते. "कुणापुढे हात पसरायचा नाही" हे ऐकायला बाणेदार आहे, पण क्रेडिट कार्ड हे हात पसरणंच आहे, फक्त समोरचा माणूस दिसत नाही आणि तो वर्षाला वीस टक्क्यांच्या पुढे व्याज लावतो. डाळ-तांदूळ-दुधावर वीस टक्के! त्यांच्याशी वाद घालू नका, कागद घेऊन बसा. उजवीकडे पुढच्या दोन महिन्यांची न चुकणारी देणी लिहा, डावीकडे हातात येणारी रक्कम. मग मॉर्गेज कंपनीला फोन करून एक-दोन हप्ते पुढे ढकलता येतात का ते विचारायला सांगा. शटडाऊनचं कारण त्यांनी याआधीही ऐकलेलं असतं. हप्ता थकण्याच्या आधी फोन केला तर बोलणं सोपं जातं. रिटायरमेंटच्या ४०१के खात्याला हात लावायची वेळ शेवटची. साडेएकोणसाठ वर्षांच्या आत काढलेल्या पैशावर कर लागतो आणि वर सहसा दहा टक्के दंडही. हे सगळं मांडून झालं की पँट्रीतून आणलेली एक पिशवी त्या कागदावर किती लहान आणि किती स्वस्त दिसते ते त्यांना आपोआप दिसेल. पुरुषांना हिशेबातून पटलेलं भावनेतून पटलेल्यापेक्षा जास्त टिकतं, असा माझा अनुभव आहे. चूक असेन तर वाचकांनी कळवावं.

बेकारी भत्त्याचा अर्ज केला होता का, याचा पत्रात उल्लेख नाही. केला नसेल तर निदान जानेवारीसाठी लक्षात ठेवा. काम थांबलं आणि पगार बंद झाला की त्याच आठवड्यात व्हर्जिनिया एम्प्लॉयमेंट कमिशनकडे अर्ज टाकायचा. "होईल दोन दिवसांत सुरू" म्हणून थांबलेले आठवडे सहसा मागून मिळत नाहीत. कायम सरकारी नोकराला मागचा पगार मिळाल्यावर तो भत्ता परत करावा लागतो. कंत्राटी माणसाला मागचा पगारच नाही, त्यामुळे परत करायचा प्रश्नही सहसा येत नाही. हा भत्ता म्हणजे दान नव्हे, कंपन्या दरवर्षी त्यासाठी कर भरतात.

मुलांच्या शाळेच्या जेवणाचंही असंच. फुकट किंवा सवलतीच्या जेवणाचा फॉर्म ऑगस्टमध्येच भरायचा असतो असा आपल्याकडे समज आहे. घरातली मिळकत घटली की तो वर्षभरात केव्हाही भरता येतो, आणि त्यात मागच्या वर्षीचा नव्हे, चालू मिळकतीचा आकडा विचारतात. एकदा मंजूर झाला की शाळेचं वर्ष संपेपर्यंत चालतो. कुठल्या मुलाचं जेवण सवलतीचं आहे हे इतर मुलांना कळू द्यायचं नाही, असा नियमच आहे.

आता सासूबाई. यांच्याविषयी मी तुमच्यापेक्षा वेगळा विचार करते आहे. त्यांचं बोलणं तुम्हाला टोमण्यासारखं लागलं, ते साहजिक आहे. पण त्या माण तालुक्यातल्या आहेत. तुम्ही वय लिहिलेलं नाही, तरी मुलाचं वय पाहता १९७२ च्या दुष्काळात त्या शाळकरी किंवा नुकत्या लग्नाच्या वयाच्या असणार. माणदेशात त्या वर्षी काय झालं ते आपण ऐकलंय. घरची माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. कामावर सुकडी मिळे. आणि रेशनच्या दुकानात यायची ती मिलो, लालसर ज्वारी, जिची भाकरी धड थापता यायची नाही आणि थापली तर घशाखाली उतरायची नाही. ती मिलो आली होती अमेरिकेतून. आज तुम्ही राहता त्याच देशातून. त्याच्या आधीच्या दशकात आपल्या शहरांनी खाल्लेला पीएल-४८० चा, म्हणजे अमेरिकेच्या अन्नमदत कायद्याखाली आलेला, गहूही इथलाच.

हे मी त्यांना गप्प करायला सांगत नाही. "तुम्ही नाही का खाल्ली मिलो" असं चुकूनही म्हणू नका. ज्या माणसाने एकदा ती रांग पाहिली, त्याला ती मुलाच्या घरी, तीही अमेरिकेत, पुन्हा पाहायची नसते. त्यांचा विरोध कदाचित तिथून येत असेल. मुलगा परदेशी गेला म्हणजे ते सगळं मागे पडलं, ही त्यांची आयुष्यभराची समजूत आहे आणि तुमच्या रिकाम्या डब्यांनी तिला तडा गेलाय. एखाद्या दुपारी, दोघीच असताना, बहात्तर सालची गोष्ट विचारा. कुणी काय खाल्लं, कुणाच्या घरून काय आलं. त्या बोलतील, आणि बोलता बोलता त्यांना स्वतःलाच आठवेल की तेव्हा गावात रांगेत सगळेच होते, पाटलांच्या घरचेही. न बोलल्या तरी काही बिघडलं नाही. मग फक्त एवढं करा: पँट्रीतून आलेलं सामान लपवू नका आणि त्याचं भाषणही देऊ नका. ओट्यावर ठेवा आणि स्वयंपाकाला लागा.

स्वयंपाकावरून आठवलं. पहिली पिशवी उघडून बायका हिरमुसतात, कारण आत बऱ्याचदा आपलं असं काही नसतं. टिनमधले गार्बान्झो म्हणजे आपले काबुली चणे. ते खाऱ्या पाण्यात असतात, म्हणून चाळणीत ओतून नळाखाली चांगले धुवा आणि मगच उसळीला घ्या, वरून मीठ अगदी बेताने. पिवळी स्प्लिट पी मिळाली तर सोडू नका. कुकरला चार शिट्ट्या जास्त द्याव्या लागतात, पण हिंग-हळदीवर तिचं वरण असं होतं की पाहुण्याला तूरडाळीचा फरक लवकर कळत नाही. पीनट बटर साखर नसलेलं असेल तर वांग्याच्या रश्श्यात दाण्याच्या कुटाऐवजी चमचाभर चालतं. ओट्स भाजून, मिक्सरमधून काढून थालीपिठाच्या भाजणीत मिसळा. नोंदणी करतानाच "आम्ही शाकाहारी" असं सांगा, म्हणजे मांसाच्या टिनऐवजी बीन्स देतात. काही पँट्र्यांमध्ये दुकानासारखं फिरून हवं ते निवडता येतं. तसली जवळ असेल तर तीच गाठा.

मुलीला सांगायचं का? सांगायचं, आणि ती दुसऱ्या कुणाकडून ऐकायच्या आत. चौदा वर्षांची मुलगी आहे. यंदा दिवाळीची खरेदी झाली नाही, बाबा दुपारी घरी असतात, आजी-आई कुजबुजतात, हे तिला दिसत नाही असं तुम्हाला खरंच वाटतं? तिला लाज वाटेल ही तुमची भीती मला कळते, पण तुमच्या घरात पँट्री आतून पाहिलेलं माणूस ती एकटीच आहे. कुठल्या वाराला गर्दी कमी, फॉर्मवर काय विचारतात, कामाला येणारे लोक पिशव्या भरताना चेहऱ्याकडे बघतात की नाही, हे ती तुम्हाला सांगू शकेल. तिला आधी माहितीसाठी विचारा, मग गरज सांगा. याच क्रमाने.

त्याच पँट्रीत जावं का, यावर माझं मत असं, की पहिल्यांदा दुसरीकडे जा. यात कमीपणा नाही. पहिल्या वेळी पाय उचलणं महत्त्वाचं. तो ओळखीच्या दारात अडत असेल तर अनोळखी दार बरं. मात्र बऱ्याच पँट्र्या ठरावीक झिप कोडच्या लोकांनाच सामान देतात, म्हणून आधी विचारून घ्या. पुढे मुलीची हरकत नसेल तर तिच्या पँट्रीतही जाता येईल, ती तिथे नसते अशा वारी.

राहिली बेसमेंटमधली खोकी. त्यांतलं काही उचलायचा विचार मनात आला असेल, तुम्ही लिहिलेलं नाही, पण आला असेल तर तो झटकून टाका. मिळणारच असेल तर ते पँट्रीतून रीतसर, तुमच्या नावाने मिळू दे. मंडळाच्या विश्वासावर जमलेलं सामान मधल्या मध्ये हललं तर उद्या तुम्हालाच तुमच्याकडे बघवणार नाही. खोकी लवकरात लवकर पोचवून मोकळ्या व्हा, रोज ती डोळ्यांसमोर असणं हाच अर्धा त्रास आहे. आणि स्वतःचं खोकं भरलं नाही याची खंत नको. यादी करणं, फोन करणं, सामान वाहणं, याला मोल आहे. समितीत जिच्यावर विश्वास आहे अशा एकीला खरी परिस्थिती सांगा. सगळ्यांना सांगायची गरज नाही, पण एकीला सांगितलं की पुढच्या बैठकीत "तू किती देणार?" हा प्रश्न तुमच्यापर्यंत यायच्या आत वळवायला कुणीतरी असेल.

मंडळांच्या समित्यांवरचे आणखी काही जण हे वाचत असतील, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. पुढच्या वेळी शक्यतो पैसे गोळा करा. फूड बँका घाऊक भावात घेतात, त्यामुळे आपण दुकानातून पाच डॉलरला जे आणतो त्याच्या कितीतरी पट त्या पाच डॉलरमध्ये आणतात, शिवाय त्यांना लागेल ते आणतात. दहा घरांतून दहा प्रकारचे टिन आले की ते निवडायलाच माणसं लागतात. (पैशाच्या पाकिटाचा फोटो टिनच्या ढिगासारखा चांगला येत नाही, ही अडचण मला मान्य आहे.) दुसरं, मदतीचं आवाहन करताना "आपल्यातल्या कुणाला गरज असेल तर खजिनदारांना फोन करा, नाव बाहेर जाणार नाही" ही ओळ त्यात घाला. राजधानीच्या आसपास सरकारी कंत्राटांवर जगणारी मराठी घरं थोडी नाहीत, आणि शटडाऊन लांबला की त्यांतलं एखादं घर आवाहन वाचून गप्प बसलेलं असतं. त्यांना किराणा दुकानाचं गिफ्ट कार्ड पोस्टाने पाठवलं तरी पुरे.

कागदपत्रांची भीती शेवटी ठेवली, कारण तिचं उत्तर त्यातल्या त्यात सोपं आहे. "पब्लिक चार्ज", म्हणजे हा माणूस सरकारवर भार होईल का ही कसोटी, मुख्यतः ग्रीनकार्ड देताना लावतात. नागरिकत्वाच्या अर्जात ती नसते. आणि पँट्रीतून मिळालेलं धान्य आजवरच्या कुठल्याच नियमात त्या कसोटीत धरलेलं नाही, १९९९ च्या नाही, २०१९ च्या कडक नियमात नाही, २०२२ च्याही नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने २०२२ चा नियम रद्द करायचा प्रस्ताव मांडला. त्यामुळे स्नॅपसारख्या सरकारी योजनेचा अर्ज करायचा असेल आणि घरात कुणाचं ग्रीनकार्ड व्हायचं असेल, तर वकिलाला आधी विचारा. उद्या यजमानांनी आईचं ग्रीनकार्ड करायचं ठरवलं तर त्यांची मिळकत पाहतील, दारिद्र्यरेषेच्या सव्वापट लागते, पण पँट्रीतला तांदूळ त्या कागदावर कुठेच येत नाही.

तुमच्यासारख्याच, पण थोड्या वेगळ्या घरांसाठी थोडं. एच-वन-बीवर असाल तर स्नॅप तुमच्यासाठी नाही, पण तुमची बाजू एका ठिकाणी भक्कम आहे: काम नाही म्हणून कंपनी तुमचा पगार थांबवू शकत नाही. शटडाऊनचं कारण सांगून बिनपगारी घरी बसवलं असेल तर ते नियमाविरुद्ध आहे, पुरावे जपा आणि वकील गाठा. घरात गरोदर बाई किंवा पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर विक (WIC) नावाची वेगळी सरकारी पोषण-योजना आहे. विद्यार्थी असाल तर विद्यापीठाच्या आवारात बहुतेक ठिकाणी पँट्री असते, जिथे फार तर विद्यार्थी ओळखपत्र लागतं. आणि जवळ गुरुद्वारा असेल तर लंगर सगळ्यांना खुलं असतं, कुणी कारण विचारत नाही. स्नॅप आणि विक यांची सप्टेंबर २०२६ अखेरपर्यंतची तरतूद या वेळच्या विधेयकात झाली आहे. म्हणजे जानेवारीत पुन्हा टाळं लागलंच तरी ती कार्डं चालू राहतील. तुमच्या यजमानांच्या पगाराला मात्र तसं संरक्षण नाही.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा. २-१-१ या मदत-माहितीच्या क्रमांकावर फोन लावा, झिप कोड सांगा, आणि जवळच्या पँट्र्यांचे वार आणि वेळा लिहून घ्या. जाताना ओळखपत्र आणि पत्ता असलेलं एखादं बिल बरोबर ठेवा. काही ठिकाणी तेवढंही मागत नाहीत, काही ठिकाणी मिळकतीच्या एका ओळीखाली सही घेतात. दोन कापडी पिशव्या न्या. आणि घरात माणसं किती, असं विचारतील तेव्हा सासूबाईंनाही धरून आकडा सांगा. स्नॅपच्या अर्जात व्हिजिटर व्हिसावरच्या माणसाला धरता येत नाही, पण पँट्रीला घरात जेवणारी तोंडं किती एवढंच हवं असतं.